क्रांतिदिनाच्या प्रदर्शनासाठी जुने ध्वज शिवून घ्यायचे आहेत: कोणत्या सालाला कोणता, आणि शिंप्याला मापे काय द्यावीत?

गिरगावकर

नमस्कार मंडळी,

९ ऑगस्टला आमच्या चाळीच्या सभागृहात दोन दिवसांचे प्रदर्शन लावायचे ठरले आहे. विषय आहे मुंबईवर आणि देशात फडकलेले ध्वज, ईस्ट इंडिया कंपनीपासून १९४७ पर्यंत. बाजारातले छापील सॅटिनचे झेंडे नकोत. पट्टे जोडून नीट शिवलेले कापडी ध्वज हवेत. शिंपी तयार आहेत, पण त्यांना मापांचा कागद हातात हवा.

अडचण अशी की एकाच ध्वजाची तीन-तीन चित्रे सापडतात. मादाम कामांच्या ध्वजाचा वरचा पट्टा कुठे हिरवा दिसतो, कुठे केशरी. प्लासीच्या लढाईच्या चित्रात आजचाच युनियन जॅक असतो. बाबू गेनूंच्या चित्रात तर अशोकचक्राचा तिरंगाही पाहिला. शाळेची मुले येणार आहेत आणि जे भिंतीवर बघतील तेच लक्षात ठेवतील, म्हणून चुकीचे काही टांगायचे नाही.

तर विचारायचे ते हे: कोणत्या सालाला कोणता ध्वज धरावा? कापड कोणते आणि किती घ्यावे? कायद्याने कशाची काळजी घ्यावी? शिवाय कंपनीचा झेंडा अमेरिकेच्या झेंड्यासारखा का दिसतो, हे लोक हमखास विचारतील. सभागृहाला तीस-तीस फुटांच्या दोन लांब भिंती आहेत. एकेका भिंतीवर पाच याप्रमाणे दहा ध्वज बसवायचा विचार आहे.

बॅलार्ड_बंदर

आधी साल नक्की करा आणि मग चित्र शोधा. ब्रिटिश अमलातल्या ध्वजाचा काळ बहुतेक वेळा दांड्याजवळच्या वरच्या चौकोनावरून कळतो. त्याला कँटन म्हणतात. बाकीचा झेंडा कितीही सारखा दिसला तरी कँटन खोटे बोलत नाही.

मुंबई बेट १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि १६६८ मध्ये कंपनीच्या हातात आले. त्या वेळचा कंपनीचा झेंडा म्हणजे लाल-पांढरे आडवे पट्टे आणि कँटनमध्ये पांढऱ्यावर सेंट जॉर्जचा साधा लाल क्रूस, बस्स. शिवकाळाबद्दलच्या कोणत्याही चित्रात हाच यायला हवा. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले, तेव्हा कँटनमध्ये निळ्या जमिनीवर पांढरा तिरपा क्रूस आणि त्यावर पांढऱ्या काठाचा लाल उभा-आडवा क्रूस आला. १७५७ च्या प्लासीला आणि १७६१ च्या पानिपताच्या काळातल्या कंपनीला हा कँटन. आयर्लंडचा लाल तिरपा पट्टा १ जानेवारी १८०१ पासून जोडला गेला. म्हणजे १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर चढलेला युनियन जॅक आजच्यासारखा होता, पण प्लासीचा नव्हता. कंपनीचे राज्य १८५८ मध्ये संपले. त्यानंतरच्या कोणत्याही प्रसंगाला पट्ट्यांचा झेंडा लावू नका.

पट्टे किती? ही संख्या कायम नव्हती, ९ ते १३ पर्यंत सगळे सापडतात. तुम्ही १६६८ चा ९ पट्ट्यांचा आणि १७०७ नंतरचा १३ पट्ट्यांचा करा, म्हणजे दोन्ही प्रकार दिसतील. ९ मध्ये ५ लाल आणि ४ पांढरे, १३ मध्ये ७ लाल आणि ६ पांढरे. वरचा आणि खालचा पट्टा लाल.

अमेरिकेचे म्हणाल तर, साम्य खरेच आहे आणि ते डोळ्यांत भरते. ३ डिसेंबर १७७५ ला फिलाडेल्फियात 'आल्फ्रेड' या जहाजावर जो झेंडा चढला त्यात १३ लाल-पांढरे पट्टे आणि कँटनमध्ये १७०७ चाच ब्रिटिश युनियन, म्हणजे एकत्र केलेल्या क्रूसांचे चिन्ह, होता. १३ पट्ट्यांच्या कंपनीच्या झेंड्याशेजारी तो ठेवला तर वेगळा काढता येणार नाही. पण एकावरून दुसरा घेतला याचा पुरावा नाही. लाल-पांढरे पट्टे तेव्हा समुद्रावर अनेक झेंड्यांत वापरले जात होते. फलकावर "साम्य आहे, नाते सिद्ध झालेले नाही" एवढेच लिहा.

ताऱ्यांचा झेंडा १४ जून १७७७ च्या ठरावाने आला. त्या ठरावात १३ पट्टे आणि निळ्यावर १३ पांढरे तारे एवढेच म्हटले आहे. तारे कसे मांडायचे ते सांगितलेले नाही, म्हणून वर्तुळात, ओळींत अशा अनेक मांडण्या त्या काळात दिसतात. बेट्सी रॉस या बाईंनी पहिला झेंडा शिवला ही गोष्ट त्यांच्या नातवाने १८७० मध्ये, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी, प्रथम जाहीरपणे सांगितली. त्या काळचा एकही कागद तिला दुजोरा देत नाही. उलट फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी १७८० मध्ये झेंड्याच्या रचनेबद्दल सरकारकडे मोबदला मागितल्याची नोंद आहे. तुमच्या दहांत हा झेंडा बसवायची गरज नाही, एक लहान चित्र पुरे.

आता युनियन जॅकची मापे. झेंड्याच्या उंचीचे ३० भाग करा. मधला लाल क्रूस ६ भाग आणि त्याचा पांढरा काठ दोन्ही बाजूंना २-२ भाग. तिरपा पट्टा एकूण ६ भागांचा: रुंद पांढरा ३, लाल २, अरुंद पांढरा १. उंची ९०० मिलिमीटर धरली तर एक भाग ३० मिमी, म्हणजे क्रूस १८०, काठ ६०, रुंद पांढरा ९०, लाल ६०, अरुंद पांढरा ३०. कँटन ४५० मिमीचा असेल तर सगळे निम्मे. लांबी समुद्रावर उंचीच्या दुप्पट, जमिनीवर ३:५. भिंतीसाठी १५०० × ९०० करा.

यातली हमखास होणारी चूक म्हणजे झेंडा उलटा शिवणे. दांड्याकडच्या अर्ध्या भागात रुंद पांढरा पट्टा लालच्या वर येतो आणि दुसऱ्या अर्ध्या भागात खाली. शिंप्याच्या कागदावर दांड्याची बाजू ठळक बाण काढून दाखवा, नाहीतर चार तुकडे सारखे समजून जोडले जातील.

१८५८ नंतरच्या राजवटीसाठी स्टार ऑफ इंडियाचा लाल झेंडा घ्या: लाल जमीन, कँटनमध्ये १८०१ चा युनियन, उरलेल्या भागात 'स्टार ऑफ इंडिया' या ब्रिटिश किताबाच्या ताऱ्याचे चिन्ह. तारा पाच टोकांचा आहे. हा किताब १८६१ चा, त्यामुळे १८५७ च्या उठावाच्या चित्रात तो तारा दिसला तर ते चित्र बाद.

खादीपाट

बॅलार्ड_बंदर यांनी जहाजांकडचे सांगितले, मी आपल्या बाजूचे सांगतो.

१९०६ आणि १९०७ हे दोन वेगळे ध्वज आहेत आणि चित्रांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ७ ऑगस्ट १९०६ ला कलकत्त्यात पारसी बागान चौकात पहिला लागला. त्याच्या रंगांच्या क्रमाची दोन वर्णने चालत आली आहेत. दुसरा मादाम भिकाजी कामांनी २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत उभारला. तुम्ही १९०७ चाच करा. एक तर कामाबाई मुंबईच्या: जन्म इथला, १९३६ मध्ये निधनही इथेच, आणि मंत्रालयाजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. दुसरे म्हणजे हा ध्वज इंदुलाल याज्ञिकांनी लपवून भारतात आणला आणि तो आजही पुण्यात केसरी-मराठा ग्रंथालयात जपलेला आहे. मूळ वस्तू इतक्या जवळ असताना इंटरनेटवरच्या चित्रावरून काम का करायचे? केसरीवाड्यात जाऊन परवानगीने समोरून सरळ छायाचित्र घ्या आणि त्यावरून कागदी साचा काढा.

त्याची रचना अशी: वर हिरवा, मध्ये पिवळसर केशरी, खाली लाल. हिरव्यावर आठ कमळे, ब्रिटिश हिंदुस्थानच्या आठ प्रांतांची. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत वंदे मातरम्. खालच्या पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर. वर केशरी पट्टा, एक कमळ आणि सात तारे अशी चित्रे फिरतात, ती पुण्यातल्या ध्वजाची नव्हेत. अक्षरांसाठी संगणकाचा फाँट वापरू नका. मूळ अक्षरे हाताने काढलेली आहेत, त्यांचा वळसा आणि जोडाक्षराची पद्धत छायाचित्रावरून उतरवून घ्या.

होमरूलचा १९१७ चा ध्वज टिळक आणि अ‍ॅनी बेझंट यांच्या चळवळीचा. आलटून पालटून ५ लाल आणि ४ हिरवे पट्टे. दांड्याकडच्या वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक, समोरच्या वरच्या कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर आणि सात टोकांचा तारा, आणि पट्ट्यांवर सप्तर्षींच्या आकारात सात पांढरे तारे. चार ताऱ्यांचा चौकोन आणि तिघांची शेपटी आकाशात दिसते तशीच यायला हवी. सात तारे एका ओळीत मांडलेली चित्रे मी पाहिली आहेत, ती सरळ चूक आहेत. युनियन जॅक पाहून प्रेक्षक बुचकळ्यात पडतील. त्या चळवळीची मागणी साम्राज्याच्या आत राहून स्वराज्य अशी होती, हे फलकावर जरूर लिहा.

आता सर्वांत मोठ्या चुकीकडे येऊ. १९२१ मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना लाल-हिरव्या ध्वजाचा नमुना दाखवला. त्यात गांधीजींच्या सूचनेने पांढरा पट्टा आला. चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराजांची. तयार झाला तो ध्वज असा: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा. काँग्रेसने औपचारिक ठराव केला नसला तरी पुढची दहा वर्षे हाच वापरात राहिला. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह याच ध्वजासाठी झाला. ३१ डिसेंबर १९२९ ला लाहोरला रावीच्या काठी हाच चढला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात हाच होता. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवी भागात परदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू गेले, तेव्हाही काँग्रेसचा ध्वज हाच होता. केशरी-पांढरा-हिरवा तोपर्यंत जन्माला आलेला नव्हता.

तो जन्मला मुंबईत. एप्रिल १९३१ मध्ये नेमलेल्या सात जणांच्या ध्वज समितीने संपूर्ण केशरी रंगाचा, दांड्याजवळ चरखा असलेला ध्वज सुचवला होता. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीने तो न घेता केशरी, पांढरा, हिरवा आणि पांढऱ्यावर निळा चरखा असा ध्वज ठरवला, प्रमाण ३:२. गिरगावातल्या प्रदर्शनात १९२१ आणि १९३१ चे ध्वज शेजारी-शेजारी लावा आणि मध्ये "मुंबई, ऑगस्ट १९३१" एवढाच फलक ठेवा. माझ्या मते तुमच्या सगळ्या भिंतीवरची ही सर्वांत महत्त्वाची जागा.

सुईदोरा

शिंप्याचा कागद मी सांगते. तीन पट्ट्यांचे ध्वज १३५० × ९०० मिमी करा. पाच ध्वज शेजारी लावले की पावणेसात मीटर, म्हणजे बावीस फूट होतात. तीस फुटांच्या भिंतीवर मधली मोकळी जागा नीट सुटते. युनियन जॅक थोडा लांब आहे, तेवढे सामावेल.

कापड: जुने जहाजी झेंडे लोकरीच्या विरळ कापडाचे असत. ते इथे सहज मिळत नाही. कंपनीच्या आणि ब्रिटिश ध्वजांना सुती कॅम्ब्रिक घ्या, मंगलदास मार्केटमध्ये ४४ इंची पन्ह्यात मिळते. चकाकी नसावी. सॅटिन किंवा टेरिकॉट दिव्याखाली चमकते आणि ध्वज नाटकातला वाटतो. १९२१ आणि १९३१ च्या ध्वजांना मात्र खादीच हवी, त्या ध्वजांचा अर्थच त्या कापडात आहे. खादीचा पन्हा बहुधा ३६ इंच असतो, हिशेब त्याप्रमाणे बदलतो.

रंग निवडताना एक लक्षात ठेवा. पर्किन या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाचा पहिला कृत्रिम रंग १८५६ चा. त्याआधीचे लाल मंजिष्ठेचे किंवा किरमिजाचे आणि निळे निळीचे. म्हणून कंपनीच्या झेंड्याला विटेकडे झुकणारा लाल आणि काळपट निळा घ्या, झगझगीत नको.

कापण्याआधी सगळे कापड रात्रभर पाण्यात ठेवा, पिळू नका, निथळून सावलीत वाळवा आणि किंचित ओले असताना इस्त्री करा. सुती कापड आटते, आणि लाल-पांढरे वेगवेगळे आटले तर शिवलेला ध्वज पुढे चुण्या धरतो. लाल कापडाचा तुकडा ओला करून पांढऱ्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. पांढऱ्यावर गुलाबी छटा आली तर ते कापड परत करा. मीठ-व्हिनेगरने कच्चा रंग पक्का होत नाही, आणि ऑगस्टमध्ये मुंबईच्या दमट हवेत कच्चा लाल बाजूच्या पांढऱ्यात उतरायला वेळ लागत नाही.

तीन पट्ट्यांचा ध्वज: तयार पट्टा ३०० मिमी, दोन्ही बाजूंना १५-१५ मिमी शिलाईला, म्हणून कापायचा ३३०. लांबी १३५० अधिक दोन्ही टोकांना दुमडायला ४०-४०, म्हणजे १४३०. पट्ट्याची लांबी कापडाच्या लांबीच्या दिशेनेच घ्या, आडवी घेतली तर पट्टा झोळ धरतो. ४४ इंची पन्ह्यात ३३० चे तीन पट्टे निघतात, ३६ इंचीत दोन. प्रत्येक रंगाचे दीड मीटर घेतले की एका ध्वजाला भरपूर होते.

नऊ पट्ट्यांचा, म्हणजे होमरूलचा किंवा १६६८ चा: तयार १००, कापायचा १३०. इथे शिंप्याचा हात कसोटीला लागतो. प्रत्येक जोडात २ मिमी जास्त गेले तर आठ जोडांत १६ मिमी उंची कमी होते. उपाय सोपा आहे. आधी फक्त तीन पट्टे जोडा आणि मोजा. कच्च्या कडांसकट बरोबर ३३० भरले पाहिजेत. ३२६ भरले तर तिथेच शिलाई बाहेर घ्या. दुसरे असे की सगळे पट्टे एकाच टोकाकडून शिवत गेले तर ध्वज तिरका ओढला जातो. एक जोड डावीकडून, पुढचा उजवीकडून शिवा. तेरा पट्ट्यांना तयार माप ६९ ठेवा, एकूण ८९७ होते.

जोडाच्या आतल्या कडा नेहमी गडद रंगाच्या बाजूला दाबा. लाल कड पांढऱ्याखाली गेली की समोरून गुलाबी रेघ दिसते. मग कड आत दुमडून दुसरी शिलाई मारा, म्हणजे मागची बाजूही स्वच्छ राहते.

युनियन जॅक: निळे त्रिकोण कापून जोडू नका. त्रिकोणाची तिरपी कड ताणली जाते आणि चारही कोपरे फुगतात. अखंड निळा आयत घ्या, पांढऱ्या पट्ट्या सरळ धाग्यात कापा आणि तिरप्या वरून बसवा. आधी टाचण्या, मग कच्चा दोरा, मग मशीन. निळा रंग पांढऱ्यातून दिसतो, म्हणून शिवून झाल्यावर मागून पांढऱ्याखालचा निळा भाग शिलाईपासून ८ मिमी सोडून कापून काढा. १७०७ च्या कँटनला लाल तिरपी पट्टी नाही, तिथे सबंध ६ भागांची एकच पांढरी पट्टी. शिंप्याला दोन स्वतंत्र कागद द्या.

गिरगावकर

अतिशय आभार. आणखी दोन गोष्टी विचारतो. चरखा छापावा की कापडात कापून शिवावा? एक ध्वज सभागृहाच्या मध्यभागी उभ्या काठीला लावायचा आहे, तो दोन्ही बाजूंनी दिसेल. आणि १९४२ व १९४६ साठी काय लावावे?

खादीपाट

दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या चरख्याची अडचण तुमच्याआधी संविधान सभेपुढे आली होती. २२ जुलै १९४७ ला ध्वजाचा ठराव मांडताना पंडित नेहरूंनी हेच कारण सांगितले: चरख्यात एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती असते, त्यामुळे मागून पाहिल्यावर ते उलटे होते, आणि चाक दांड्याच्याच बाजूला असायला हवे. ध्वजाच्या दोन्ही बाजूंना सारखेच दिसेल असे चिन्ह म्हणून चक्र घेतले. मुलांना समजवायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. काठीला १९३१ चाच ध्वज लावा आणि त्यांना दोन्ही बाजूंनी फिरून पाहू द्या.

करायची पद्धत अशी: जाळीवरची छपाई करून घ्या. मागच्या बाजूसाठी फिल्म उलटी करून दुसरी जाळी बनवावी लागते, तरच दोन्हीकडे चाक दांड्याकडे येते. एकाच जाळीने दोन्ही बाजू छापल्या तर मागचे चाक मोकळ्या टोकाकडे जाते. पांढरा पट्टा जोडण्याआधी छापा. तुकडा लहान असतो, चार कोपऱ्यांना खुणा करून उलटला की दोन्ही छाप एकमेकांवर बसतात. खादी खडबडीत असते, म्हणून रंग जरा घट्ट ठेवा आणि चाकाच्या आऱ्या २ मिमीपेक्षा बारीक नकोत, त्या तुटक येतात. वाळल्यावर कोरड्या कापडाखालून गरम इस्त्री सगळीकडे सावकाश फिरवा, नाहीतर घडी घातल्यावर रंग एकमेकांना चिकटतो.

कामाबाईंच्या ध्वजावर अक्षरे आहेत, तो काठीला लावूच नका. कापड पातळ असेल तर मागून अक्षरे उलटी वाचली जातात. भिंतीवरच, मागे पांढरे अस्तर लावून.

१९४२: ९ ऑगस्टला गवालिया टँकवर अरुणा असफ अलींनी चढवला तो १९३१ चा चरख्याचा ध्वज. त्यासाठी वेगळा शिवायची गरज नाही.

आझाद हिंदचे कोणी विचारले तर: उडी घेणाऱ्या वाघाचा तिरंगा हा प्रामुख्याने जर्मनीतल्या तुकडीचा. २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापुरात स्थापन झालेल्या हंगामी सरकारने चरख्याचा तिरंगा घेतला आणि ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला तोच फडकला. वाघाचा ध्वज पोर्ट ब्लेअरच्या फलकाखाली टांगू नका.

बॅलार्ड_बंदर

१९४६ मुंबईच्या प्रदर्शनात असायलाच हवे. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदल तळावर खलाशांचा संप सुरू झाला आणि तो बंदरातल्या जहाजांवर पसरला. खलाशांनी ब्रिटिश नौदलाचे निशाण उतरवले आणि तीन ध्वज एकत्र चढवले: काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा, कम्युनिस्टांचा लाल.

उतरवलेले निशाण म्हणजे व्हाइट एन्साइन: पांढरी जमीन, पूर्ण झेंड्यावर सेंट जॉर्जचा लाल क्रूस, कँटनमध्ये १८०१ चा युनियन. स्टार ऑफ इंडियाचा लाल झेंडा इथे चालणार नाही, तो नौदलाचा नव्हे.

तिन्ही ध्वजांत इथे चुकतात: काँग्रेसचा तिरंगा चरख्याचा, चक्राचा नाही. लीगचा ध्वज संपूर्ण हिरवा, त्यावर पांढरी चंद्रकोर आणि तारा. दांड्याजवळ पांढरा उभा पट्टा आला की तो पाकिस्तानचा ध्वज होतो, आणि पाकिस्तान १९४७ चे. बाजारातून तयार आणायला गेलात तर पांढऱ्या पट्ट्याचाच हातात पडेल, म्हणून हा शिवूनच घ्या. लाल ध्वजावर विळा-हातोडा. तिन्ही लहान, ९०० × ६०० चे करून एका चौकटीत लावले तर भिंतीवर एकाच ध्वजाची जागा लागेल.

नियमपान

कायद्यापुरते लिहितो. जुन्या ध्वजांच्या प्रतिकृती करायला आडकाठी नाही. जपायचा आहे तो तुमचा शेवटचा, २२ जुलै १९४७ ला स्वीकारलेला ध्वज. त्याला भारतीय ध्वज संहिता २००२ आणि राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक अधिनियम १९७१ लागू आहेत.

तो शिवू नका, तयार घ्या. १३५० × ९०० हे प्रमाणित माप आहेच, त्याला चक्राचा व्यास २८० मिमी आणि आऱ्या २४. संहितेत ३० डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टर आणि यंत्रावर बनवलेल्या ध्वजालाही परवानगी आहे, पण बाकीच्या खादीच्या ध्वजांशेजारी खादीचाच शोभेल. भिंतीवर आडवा लावला तर केशरी वर. उभा लावला तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डावीकडे. ध्वजावर कोणतीही अक्षरे नकोत, म्हणजे सालाची चिठ्ठी टाचणीने त्यावर लावणेही नको. फलक बाजूला स्वतंत्र ठेवा. त्याच्यापेक्षा वर दुसरा कोणताही ध्वज नको, युनियन जॅक तर नाहीच. एकाच काठीवर दुसऱ्या ध्वजाबरोबर लावू नका. सजावट म्हणून राष्ट्रध्वजाच्या पताका किंवा तोरणे करणे संहितेत बसत नाही. सभागृह सजवायचे असेल तर साध्या एकरंगी पताका लावा.

चरख्याच्या तिरंग्यात तेच तीन रंग आहेत. त्यालाही हीच शिस्त लावा, जमिनीला टेकू देऊ नका.

सुईदोरा

भिंतीवर लावण्याबद्दल राहिले होते. खिळे किंवा आयलेट मारून चार कोपऱ्यांत ताणू नका, मधला भाग लोंबतो आणि कोपरे ओढले जातात. वरच्या कडेच्या मागे ५० मिमी रुंद कापडी नळी हाताने, समोर टाके दिसणार नाहीत अशी शिवा आणि त्यात १२ मिमीची लाकडी दांडी घाला. दांडी ध्वजापेक्षा दोन्हीकडे २० मिमी कमी ठेवा, म्हणजे समोरून दिसत नाही. ध्वजाची दांड्याची बाजू सगळीकडे बघणाऱ्याच्या डावीकडे ठेवा. कँटनचे कोपरे एका रेषेत आले की कंपनीपासून होमरूलपर्यंतचे बदल मुलांना न सांगता दिसतात.

राष्ट्रध्वजाला मात्र ही नळी शिवू नका, त्याच्या दांड्याकडच्या कडेला दोरीची सोय असते. तो छोट्या काठीला लावून प्रवेशाजवळ स्वतंत्र ठेवला तर भिंतीवर एक जागा मोकळी होईल, तिथे १९४६ ची चौकट बसवा.

पावसाळी भिंत ओलसर असेल तर आधी त्यावर पातळ प्लायवुड किंवा जाड पुठ्ठा लावा आणि ध्वज भिंतीपासून बोटभर पुढे ठेवा. चुन्याच्या भिंतीला टेकलेले लाल कापड दोन दिवसांत डाग धरते आणि तो डाग मग निघत नाही.